लहान मुलांचा कार्निव्हल वाढदिवस: प्रत्येक मूल जिंकेल अशी आखणी

खऱ्या कार्निव्हलमधले बरेचसे खेळ माणूस हरावा अशाच बेताने रचलेले असतात. रिंग बाटलीच्या गळ्यात जेमतेम बसेल एवढीच असते, मनोऱ्यातला खालचा एखादा डबा जड असतो, आणि उभं राहायची रेघ दिसते जवळ पण पडते लांब. मोठ्यांना त्या हरण्यातही मजा वाटते. चार वर्षांच्या मुलाला वाटत नाही. तीन चेंडू टाकून एकही डबा पडला नाही की त्याचा चेहरा उतरतो, आणि मग ते मूल उरलेला वेळ आईच्या मांडीवरून हलत नाही.

म्हणून ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी कार्निव्हल करताना सगळी मापं उलट्या बाजूने घ्यायची. प्रत्येक खेळ प्रत्येक मुलाला जिंकता आला पाहिजे, आणि कुठल्याही मुलाला दोन मिनिटांपेक्षा जास्त रांगेत उभं राहावं लागता कामा नये. एवढ्या दोन गोष्टी साधल्या तर पताका कमी पडल्या तरी कुणाच्या लक्षात येत नाही. त्या साधल्या नाहीत, तर छतापासून जमिनीपर्यंत सजावट करूनही पाऊण तासात रडारड सुरू होते.

आधी आकडे

पाहुणी मुलं किती, यावर बाकी सगळं ठरतं. १० ते १२ हा सोयीचा आकडा आहे. बारा मुलांना पाच स्टॉल पुरतात. तीन-तीन मुलांचे चार गट केले की एका वेळी चार स्टॉल चालू राहतात आणि पाचवा रिकामा असतो. हा रिकामा स्टॉल वाया जात नाही. तिथला माणूस तेवढ्यात पडलेले डबे रचतो, सांडलेलं पाणी पुसतो, स्वतः दोन घोट पाणी पितो. वीस मुलं येणार असतील तर स्टॉल वाढवण्यापेक्षा तेच खेळ दोन-दोन जागी मांडा. नवीन खेळ म्हणजे नवीन सामान आणि नव्याने समजावणं.

मोठी माणसं लागतात सात. पाच स्टॉलवर पाच, खाण्यापिण्याकडे एक, आणि एक पूर्णपणे मोकळा. बाथरूमला नेणं, रडणाऱ्याला उचलणं, उशिरा आलेल्याला आत घेणं ही कामं या मोकळ्या माणसाची. हा सातवा माणूस अनेकांच्या यादीत नसतो, आणि मग कुठलातरी स्टॉल सोडून कुणाला तरी धावावं लागतं. माणसं कमी असतील तर ११-१२ वर्षांच्या मुलामुलींना स्टॉल द्या. ती हे काम मनापासून करतात आणि लहानांना त्यांचं फार आकर्षण असतं. पाण्याचा स्टॉल मात्र त्यांच्यावर सोडू नका.

वेळ: तीन वर्षांच्या मुलांसाठी दीड तास, चार ते सहासाठी दोन तास. त्याहून जास्त नको. दुपारच्या झोपेच्या वेळेवर घाला घालू नका. सकाळी साडेदहा किंवा संध्याकाळी चार या वेळा बऱ्याच घरांना जमतात. आमंत्रणात सुरू होण्याची आणि संपण्याची, दोन्ही वेळा लिहा, आणि दोन प्रश्न विचारा: मुलाला कुठल्या पदार्थाची ॲलर्जी आहे का, आणि सोबत धाकटं भावंड येणार आहे का. भावंडं न सांगता येतातच, म्हणून सगळ्या वस्तू मुलांच्या संख्येपेक्षा तीनने जास्त ठेवायच्या.

तिकिटं नको, कार्ड करा

कार्निव्हल म्हटलं की तिकिटांची गुंडाळी डोळ्यांसमोर येते. दिसायला ती छान दिसते, पण सहा वर्षांखालच्या मुलांना देऊ नका. तिकिटं हातातून पडतात, खिशात चुरगळतात, एकाची दुसऱ्याकडे जातात, आणि 'माझी संपली, त्याच्याकडे आहेत' हे भांडण हमखास उभं राहतं. शिवाय अमुक तिकिटांना अमुक बक्षीस हा हिशेब त्या वयात डोक्यात बसत नाही.

त्याऐवजी प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढं जाड कागदाचं एक कार्ड द्या. त्यावर पाच चौकोन, प्रत्येक चौकोनात एका स्टॉलचं चित्र: डबे, रिंग, बदक, जोकर, ब्रश. वाचता न येणाऱ्या मुलालाही आपलं काय राहिलंय ते कळतं. खेळ झाला की स्टॉलवरचा माणूस त्या चित्रावर शिक्का मारतो. शिक्का खेळल्याबद्दल मिळतो, जिंकल्याबद्दल नाही. पाचही शिक्के झाले की शेवटी बक्षीस. कार्ड गळ्यात दोरीने अडकवू नका, खेळताना दोरी कशात तरी अडकून गळ्याला फास बसू शकतो. लाकडी चिमट्याने कपड्याला लावा आणि मागे मुलाचं नाव मोठ्या अक्षरात लिहा.

पाच स्टॉल

*डबे पाडणे.* पत्र्याचे डबे घेऊ नका. कडा कापतात आणि पडताना जो खणखणाट होतो त्याने तीन वर्षांची मुलं दचकतात. कागदी कप पुरे: सहा कप, ३-२-१ असे रचलेले. चेंडूऐवजी मोज्यांचे गोळे वापरा. दोन जाड मोजे एकात एक गुंडाळले की मुठीत मावणारा, कुणाला लागला तरी न दुखणारा गोळा होतो. टेबल मोठ्यांच्या उंचीचं नको. जमिनीपासून ४५ ते ५० सेंटिमीटर उंचीचं स्टूल किंवा उलटं खोकं मुलाच्या छातीपेक्षा खाली राहतं, त्यामुळे फेकताना हात वरून खाली येतो आणि नेम बसतो. मागे भिंतीला चादर टांगा, तिचं खालचं टोक जमिनीवर पुढे पसरू द्या. गोळे तिथेच थांबतात, सोफ्याखाली शोधायला जावं लागत नाही.

या स्टॉलचा वेळ फेकण्यात जात नाही, रचण्यात जातो. म्हणून दोन मनोरे शेजारी-शेजारी ठेवा. एक पडला की पुढचं मूल दुसऱ्यावर फेकतं आणि तेवढ्यात पहिला रचून होतो. बाहेर मैदानात असाल तर खालच्या तीन कपांत चमचा-चमचाभर वाळू घाला, नाहीतर वाऱ्यानेच मनोरा पडेल. त्याहून जास्त घालू नका, मोज्याच्या गोळ्याला तो डबा हलणार नाही.

*रिंग टाकणे.* कागदी ताटलीचा मधला भाग कापून काढला की रिंग तयार. साधारण २३ सेंटिमीटरची ताटली घ्या आणि कडेला अडीच सेंटिमीटरचा पट्टा ठेवून आतलं कापा. आतला व्यास १८ च्या आसपास येतो. एकच ताटली वापरली तर रिंग इतकी हलकी होते की हवेत भरकटते, म्हणून दोन ताटल्या एकमेकींना चिकटवून मग कापा. बाटल्या एक लिटरच्या, एक तृतीयांश रंगीत पाण्याने भरलेल्या, झाकण घट्ट. रिंगचं आतलं माप बाटलीच्या जाडीच्या किमान दुप्पट असायला हवं, हा नियम पाळला तर रिंग कुठल्याही कोनातून बसते. सहा बाटल्या एकमेकींना खेटून ठेवल्या तर रिंग त्यांच्या डोक्यांवर आडवी राहते, खाली उतरत नाही. दोन बाटल्यांत १५ सेंटिमीटर अंतर सोडा.

*बदकांचं तळं.* सगळ्यात जास्त गर्दी इथेच होते आणि सगळ्यात जास्त लक्षही इथेच द्यावं लागतं. पसरट टब, त्यात ८ ते १० सेंटिमीटर पाणी, १२ ते १५ प्लॅस्टिकची बदकं, लांब दांड्याची दोन जाळीची पळी. बदकांच्या पोटाला न पुसणाऱ्या शाईने लाल, निळा, पिवळा ठिपका द्या. लाल निघाला तर स्टिकर, निळा निघाला तर हातावर चांदणी, पिवळा निघाला तर साबणाचे फुगे उडवायची संधी. रिकामं बदक एकही नको.

बदकं आधी पाण्यात सोडून बघा. स्वस्तातली बरीच बदकं पाण्यात आडवी होतात आणि ठिपका आधीच दिसतो. खालच्या भोकातून पाणी शिरत असेल तर ते भोक गरम गोंदाने बंद करा. टबाखाली रबरी चटई आणि बाजूला दोन जुने टॉवेल, कारण पाणी सांडणारच आणि मुलं त्यावर घसरणारच. बुडण्यासाठी लहान मुलाला काही सेंटिमीटर पाणीही पुरतं. टबाजवळचा माणूस 'आत्ता येतो' म्हणूनही हलायचा नाही. हलायची वेळ आली तर दुसरा येऊन उभा राहिल्यावरच.

पाणी नकोच असेल तर पडद्यामागचे मासे पकडा. ११० सेंटिमीटर उंचीवर चादर बांधा, ७० सेंटिमीटरची काठी, तिला दोरी, दोरीच्या टोकाला कपड्यांचा चिमटा. मूल दोरी पडद्यापलीकडे टाकतं, मागे बसलेला माणूस चिमट्यात कागदी मासा अडकवतो आणि दोरीला दोन हिसके देतो. बऱ्याच ठिकाणी चिमट्याऐवजी लोहचुंबक लावतात. लहान, ताकदीची चुंबकं या वयाच्या मुलांजवळ आणूच नयेत. दोन गिळली गेली तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून ती एकमेकांना चिकटतात आणि आतडं फाटण्यापर्यंत वेळ जाते.

*जोकरच्या तोंडात पिशवी.* पुठ्ठ्याचं मोठं खोकं, त्यावर हसरा चेहरा, तोंडाच्या जागी २५ सेंटिमीटरचं भोक. पिशव्या १० बाय १० सेंटिमीटरच्या, कोरडं धान्य भरलेल्या, साधारण १०० ग्रॅम वजनाच्या. शिवण दुहेरी घाला. एकेरी शिवण दहाव्या फेकीला उसवते आणि दाणे जमिनीवर पसरतात, धाकटी भावंडं ते नाकात किंवा तोंडात घालतात. खोकं सरळ उभं न ठेवता थोडं मागे रेलवा. सरळ पुठ्ठ्यावर कडेला लागलेली पिशवी उसळून बाहेर येते, रेललेल्या पुठ्ठ्यावर तीच घसरत आत जाते.

*चेहरा रंगवणे.* हा स्टॉल वेळ खातो. पूर्ण वाघ रंगवायला एका मुलाला सहज दहा मिनिटं लागतात, म्हणजे बारा मुलांचे दोन तास. गालावर एकच छोटं चित्र ठेवा: चांदणी, फुलपाखरू, फुगा. पर्याय तीनच द्या आणि ते कागदावर काढून समोर लावा, नाहीतर प्रत्येक मूल विचार करण्यातच दोन मिनिटं घालवेल. रंग त्वचेसाठी बनवलेलेच हवेत. पोस्टर कलर आणि ॲक्रिलिक चेहऱ्यावर चालत नाहीत, हस्तकलेची चमकीही नाही, तिचे कण डोळ्यात टोचतात. आधी पालकांना विचारा. पुरळ, जखम किंवा कोरडी सोललेली त्वचा असेल तर ब्रश लावू नका. प्रत्येक मुलाला वेगळा स्पंजाचा तुकडा. काही मुलांना चेहऱ्याला हात लावलेला अजिबात चालत नाही, त्यांच्या मनगटावर काढा, तेवढाच शिक्का.

रेघा तीन मारा

फेकण्याच्या प्रत्येक खेळासमोर जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या तीन रेघा मारा: ६० सेंटिमीटर, १ मीटर, दीड मीटर. पाच-सहा वर्षांचं मूल लांबच्या रेघेवरून सुरू करतं, तीन वर्षांचं मधल्या. नेम चुकला की स्टॉलवरचा माणूस म्हणतो, 'ये, आता या रेघेवर ये.' तरीही चुकलं तर सगळ्यात जवळची. ६० सेंटिमीटरवरून हात पुढे केला की गोळा जवळजवळ ठेवल्यासारखाच जातो. मूल जिंकतं, आणि आपल्याला कुणीतरी सोपं करून दिलं असं त्याला वाटत नाही, कारण रेघा आधीपासूनच होत्या. 'हरलास', 'चुकलं', 'संपली तुझी पाळी' हे शब्द वापरायचे नाहीत, हे सगळ्या मदतनिसांना सुरुवातीलाच सांगून ठेवा.

मांडणी

१८९३ साली शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनात 'मिडवे प्लेझन्स' नावाच्या लांबट पट्ट्यात करमणुकीचे खेळ मांडले होते. जॉर्ज फेरिस यांचा पहिला महाकाय पाळणाही तिथलाच. कार्निव्हलमधल्या स्टॉलच्या गल्लीला मिडवे म्हणतात ते त्यावरून. मोठ्या मैदानावर ती गल्ली शोभते. घरात किंवा छोट्या हॉलमध्ये मात्र दोन्ही बाजूंना स्टॉल मांडले तर समोरासमोर फेकणारी मुलं एकमेकांच्या पाठीत गोळे मारतात. घोड्याच्या नालेसारखी मांडणी करा: स्टॉल भिंतींना लागून, फेकण्याची दिशा भिंतीकडे, मधला भाग मोकळा. मध्ये उभं राहिलेल्या एका माणसाला सगळी मुलं दिसतात. दोन स्टॉलमध्ये दीड-दोन मीटर अंतर ठेवा. पाण्याचा टब बाथरूमच्या बाजूला, खाणं फेकण्याच्या खेळांपासून लांब.

एका कोपऱ्यात शांत जागा हवीच: उशा, दोन-चार चित्रांची पुस्तकं, वर टांगलेली चादर. आवाज आणि गर्दी सहन न होणारं एखादं तरी मूल असतंच, आणि पाच मिनिटं तिथे बसून ते आपणहून परत येतं. संगीत इतक्याच आवाजात लावा की शेजारच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागू नये. जोकर बोलावणार असाल तर विचार करून बोलावा. रंगाने झाकलेल्या चेहऱ्याला दोन ते चार वर्षांची बरीच मुलं घाबरतात. लाल नाक आणि रंगीत टोपी घातलेला, चेहरा ओळखू येणारा माणूस त्यापेक्षा बरा.

सजावटीला दोन रंग पुरतात, लाल आणि पांढरा. छताच्या मधोमधून चारही भिंतींकडे आलटून-पालटून दोन्ही रंगांच्या पट्ट्या नेल्या की खोलीचा तंबू होतो. पट्ट्या मध्ये थोड्या सैल, झोळीसारख्या सोडा, ताणून बांधल्या तर चिकटपट्टी रात्रीतून सुटते. पताका १५ सेंटिमीटर पाया आणि २० सेंटिमीटर उंचीच्या, दोन पताकांमध्ये ५ सेंटिमीटर जागा: ५ मीटर दोरीला २५ लागतात.

फुग्यांबद्दल थोडं कडकपणे सांगायला हवं. न फुगवलेला किंवा फुटलेला रबरी फुगा ८ वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतो, ही सूचना अमेरिकेत पाकिटावर छापणं बंधनकारक आहे. रबराचा तुकडा श्वासनलिकेवर झाकणासारखा बसतो, म्हणून तो इतका घातक. रबरी फुगे मुलांच्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंचीवर लावा, फुटला की तुकडे लगेच उचला. हवेत तरंगणारे फुगे आणणार असाल तर आत हेलियमच आहे याची खात्री करून घ्या. स्वस्तात हायड्रोजन भरून देणारेही असतात, आणि केकच्या मेणबत्तीजवळ असा फुगा फुटला तर आगीचा लोळ उठतो. बर्फासारखा फेस उडवणारे स्प्रेही त्याच कारणासाठी टाळा. त्यांतल्या अनेकांत पेट घेणारा वायू असतो.

उड्या मारायचा हवेचा किल्ला भाड्याने आणला तर त्याच्यासाठी एक माणूस वेगळा लागेल, वरच्या सातात तो धरलेला नाही. साधारण एकाच वयाची मुलं एका वेळी आत सोडा. युरोपीय मानकानुसार ताशी ३८ किलोमीटरपेक्षा जास्त वारा असेल तर असा किल्ला वापरायचा नाही. सगळ्या खुंट्या ठोकलेल्या आहेत का ते स्वतः फिरून बघा, भाड्याने देणाऱ्याच्या शब्दावर राहू नका.

दोन तास कसे जातात

पहिली १५-२० मिनिटं मुलं एकेक करून येतात. या वेळात कार्ड रंगवायचं टेबल आणि चेहरा रंगवण्याचा स्टॉल, एवढंच चालू ठेवा. त्यामुळे सगळ्यात हळू चालणाऱ्या स्टॉलची चार-पाच मुलं तिथेच होऊन जातात. मग घंटा. घंटा वाढदिवसाच्या मुलानेच वाजवायची. त्याला 'कार्निव्हलचा मालक' करा: तोच कार्डं वाटतो, तोच घंटा वाजवतो. आपल्याच वाढदिवसाला आपण रांगेत आणि आपल्या घरातली बक्षिसं दुसऱ्यांच्या हातात, हे चार वर्षांच्या मुलाला जड जातं. काम हातात असलं की तो सल कमी होतो.

पुढची ३५ मिनिटं गटागटाने, प्रत्येक स्टॉलवर सात मिनिटं, दर सात मिनिटांनी घंटा. सुरुवातीपासूनच मुलांना मोकळं सोडलं तर सगळी बारा बदकांकडे धावतात. गटाने एक फेरी झाली की मग १५ मिनिटं मोकळी सोडा, ज्याला जे आवडलं ते त्याने पुन्हा खेळावं. सगळ्यात जास्त हसणं या १५ मिनिटांत ऐकू येतं, कारण आता प्रत्येकाला खेळ माहीत असतो. तीन वर्षांच्या मुलांना गट समजत नाहीत, त्यांच्यासोबत त्यांचे पालक फिरू द्या आणि बदकांपाशी एका वेळी तिघांनाच सोडा.

मग केक आणि खाणं, अर्धा तास. मेणबत्ती लावण्यापूर्वी कागदी टोप्या काढून घ्या, लटकत्या पट्ट्या टेबलापासून हाताभर दूर करा. कार्निव्हल म्हणजे पॉपकॉर्न हे समीकरण पक्कं असलं तरी ४ वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये, दाण्याचं साल आणि न फुटलेला दाणा श्वासनलिकेत जातो. सगळी मुलं चारच्या वरची असतील तर १०० ग्रॅम कच्च्या दाण्यांचे साधारण साडेतीन लिटर पॉपकॉर्न होतात, बारा मुलांना एक-एक कप सहज मिळतो. कप भरण्याआधी मोठ्या भोकांच्या चाळणीत हलवून न फुटलेले दाणे काढून टाका. द्राक्षं ठेवलीत तर उभी चार तुकड्यांत कापा. सरबत छोट्या कपांत, अर्धाच कप भरून. मुलांना पळत पळत नाही, बसूनच खाऊ द्या.

शेवटचा खेळ: फोडायचा फलक

बक्षीस वाटणं हा कुठल्याही वाढदिवसाचा अवघड भाग, आणि त्यावर हा फलक सगळ्यात चांगला उपाय आहे: फलकावरच्या कपाच्या तोंडावर ताणलेला कागद मुलाने मुठीने फोडायचा आणि आतलं बक्षीस काढायचं. मेहनत लागते, पण तीच मुलांच्या लक्षात राहते.

बारा मुलांना १५ कागदी कप, पाच उभ्या ओळी, तीन आडव्या. पुठ्ठा साधारण ६० बाय ३६ सेंटिमीटर. कपांचे तळ पुठ्ठ्याला गरम गोंदाने चिकटवा. साधा कागदाचा गोंद ठोसा सहन करत नाही, पूर्ण कपच बक्षिसासकट खाली येतो. कपात छोटं बक्षीस तळाशी घाला आणि वरचे ३ सेंटिमीटर रिकामे सोडा. काठोकाठ भरलं तर मुठीची बोटं थेट कडक वस्तूवर आपटतात. आता १५ सेंटिमीटरचा चौकोनी पतंगी कागद कपाच्या तोंडावर ढोलाच्या कातड्यासारखा ताणून रबरबँडने बांधा. कागद पतंगीच हवा: क्रेप कागद ताणला जातो पण फाटत नाही, जिलेटिन कागद तर मोठ्यांच्याही ठोशाला दाद देत नाही. तीन वर्षांच्या मुलांसाठी मधोमध ब्लेडने अर्ध्या सेंटिमीटरची चीर द्या, फाटायला तिथून सुरुवात होते.

फलक लटकवू नका, लटकलेला फलक ठोशाबरोबर मागे जातो आणि कागद फाटतच नाही. भिंतीला टेकवून ठेवा, खालची ओळ जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर. प्रत्येक कागदावर मुलाचं नाव आणि एखादं चित्र चिकटवा, म्हणजे 'तो मला हवा होता' हा वाद संपतो. आतली वस्तू सगळ्यांना एकच, रंगही एकच. ती नाणं जाईल एवढ्या फटीतून निसटणारी नको: बोटांवरची कापडी बाहुली, जाड खडूंची छोटी पेटी, रुमाल.

मग बघा. लाजरं मूल आधी एका बोटाने कागद हलकेच दाबतं, मागे वळून आईकडे बघतं. आई मान हलवते. ते मूठ वळतं, डोळे मिटतं, आणि 'फट्' असा आवाज होतो. हात मनगटापर्यंत कपात, आणि तो बाहेर काढायच्या आधीच आतल्या वस्तूवर बोटं घट्ट मिटलेली. या वेळी घाई करू नका. प्रत्येक मुलाला अर्धं मिनिट द्या, बाकीच्यांना मोठ्याने आकडे म्हणू द्या, एक, दोन, तीन. एका मुलाच्या ठोशाला अकरा जण ओरडत असतील तर थांबणंही खेळच होतो.

आधीचे दिवस

चार आठवडे आधी जागा आणि संख्या. तीन आठवडे आधी आमंत्रण, आणि घरात खोकी-बाटल्या जमवायला सुरुवात. दोन आठवडे आधी पिशव्या, रिंगा आणि फलक. एक आठवडा आधी प्रत्येक खेळ त्याच वयाच्या मुलाकडून खेळवून बघा. आपल्याला सोपं वाटलेलं अंतर मुलाला लांब पडतं, हे इथेच कळतं. आदल्या संध्याकाळी सजावट आणि रेघा. पतंगी कागद दमट हवेत सैल पडतो, म्हणून फलकाचे कागद त्याच सकाळी बांधा. साधे हेलियमचे रबरी फुगे १२ ते २० तास तरंगतात, तेही त्याच दिवशी भरून आणा. मैदानावर करत असाल तर पावसासाठी घरातले तीन स्टॉल ठरवून ठेवा: डबे, जोकर, फलक.

शेवटचं मूल गेल्यावर सगळ्यात आधी टब पालथा करा, केकची ताटं नंतर. मग गुडघ्यांवर बसून जमीन बघा: फुग्याचे तुकडे, रबरबँड, न फुटलेले मक्याचे दाणे. झाडूने बरंच निघतं, पण सतरंजीच्या कडेला आणि सोफ्याच्या फटीत हात घालूनच बघावं लागतं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी घरातलं रांगणारं बाळ नेमकं तिथेच पोचतं.